डाव्या पायाचा हिशोब: एका घरानं मॅन्युअल की ऑटोमॅटिक हे कसं ठरवलं

पार्श्वभूमी

घरात गाडी एक. चालवणारे दोघं, तिसरी लवकरच शिकणार. गृहस्थ पन्नाशी ओलांडलेले, बाई त्यांच्याहून तीनेक वर्षांनी लहान, मुलगी एकोणीस वर्षांची. ओळख पटू नये म्हणून माणसांचे काही तपशील बदलले आहेत, गाडीचे नाहीत. मी या घराचा जुना स्नेही. गाड्यांमधलं याला थोडंफार कळतं, असा उगाच लौकिक झाल्यामुळे सल्ल्यासाठी बोलावणं आलं. पहिला सल्ला मी चुकीचा दिला. तोही पुढे येईलच.

जुनी गाडी पाच गिअरची मॅन्युअल हॅचबॅक, अकरा वर्षं वापरलेली. बाई ती रोज कामावर नेतात. अंतर 14 किलोमीटर, पण लागतो तासभर, कधी त्याहूनही जास्त. गृहस्थ घरूनच काम करतात. त्यांचा गाडीशी संबंध सुट्टीच्या दिवशी येतो: महामार्ग, घाट, लांबचे पल्ले. गाडीचे निर्णय मात्र पहिल्यापासून तेच घेत आले होते. गिअर टाकण्यातलं त्यांचं कसब खरोखर बघण्यासारखं आहे. घाटात वळणाआधी तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना गाडीला कळतसुद्धा नाही.

किलोमीटर मोजले तर दोघांचा वापर जवळपास सारखा, उलट गृहस्थांचाच थोडा जास्त. तासांत मोजला तर बाई महिन्याला पंचेचाळीस-पन्नास तास स्टिअरिंगमागे असतात आणि गृहस्थ बारा-तेरा. हा हिशोब आधी कुणीच मांडला नव्हता. गाडीची चर्चा सगळीकडे किलोमीटरमध्येच होते.

अडचण

क्लच प्लेट तिसऱ्यांदा बदलायची वेळ आली, तिथून विषय निघाला. पहिली प्लेट 58,000 किलोमीटर चालली होती, दुसरी जेमतेम 31,000. ऍक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज चढायचा, गाडी मात्र तेवढी पुढे जायची नाही. चढावर जळका वास यायचा. गॅरेजवाल्यानं नेहमीचं निदान केलं, ‘हाफ क्लचवर चालवता तुम्ही,’ म्हणजे पेडल अर्धवट दाबून. गृहस्थांनी बाईंकडे पाहिलं. बाई काही बोलल्या नाहीत.

दुसरी अडचण बाईंच्या डाव्या गुडघ्याची. डॉक्टरांनी कूर्चेची झीज सुरू झाल्याचं सांगून गुडघ्यावरचा वारंवारचा ताण कमी करायला सांगितलं होतं. बाईंनी जिने कमी केले, मांडी घालून बसणं सोडलं. क्लच दाबायचा तो डाव्या पायानंच, पण त्याचं नाव डॉक्टरांनी घेतलं नाही आणि यांनीही काढलं नाही.

मला ‘हाफ क्लच’चा ठपका पटेना. एका सकाळी मी त्यांच्या शेजारी बसलो आणि मोबाइलवरच्या मोजणीयंत्रावर क्लच किती वेळा दाबला जातो ते मोजलं. 14 किलोमीटर, 64 मिनिटं, 231 वेळा. संध्याकाळच्या परतीत दोनशेचा आकडा गेल्यावर मोजणं सोडून दिलं. त्याच आठवड्यात गृहस्थांबरोबर महामार्गावर गेलो. 160 किलोमीटरमध्ये आकडा 47 आला, त्यातले निम्मे टोलनाक्याच्या रांगेतले.

क्लच प्लेट इंजिनाच्या फ्लायव्हीलवर दाबून बसलेली असते. पेडल दाबलं की ती सुटते, सोडलं की पुन्हा चिकटते. झिजते ती मधल्या क्षणात, अर्धवट चिकटून घासत असताना. पुढची गाडी दोन हात सरकली आणि आपल्यालाही तेवढंच सरकायचं आहे, तर पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडायला जागाच मिळत नाही. तिथे कितीही सफाईदार चालवणारा असला तरी हाफ क्लचशिवाय गत्यंतर नाही. दोष बाईंच्या पायाचा नव्हता, त्या रस्त्यावर ती गाडी असण्याचा होता. 231 हा आकडा मी घरात सगळ्यांसमोर सांगितला तेव्हा गृहस्थ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘म्हणजे दिवसाला साडेचारशे.’

समोरचे पर्याय

नवी मॅन्युअल घ्यायची हा पहिला पर्याय. नव्या गाड्यांचे क्लच हलके असतात हे खरं आहे. पण पेडल हलकं झालं म्हणून दाबायच्या वेळा कमी होत नाहीत. बॅटरीवरची गाडी हा दुसरा. तिच्यात बहुधा एकच गिअर असतो आणि क्लचचा प्रश्नच नसतो. पण त्यांच्या पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय नव्हती आणि ती लवकर होण्याची चिन्हंही नव्हती. तो विषय दहा मिनिटांत संपला.

उरली ऑटोमॅटिक, आणि खरा गोंधळ इथूनच सुरू झाला. दोघंही ‘ऑटोमॅटिक’ हा शब्द एखाद्या एकाच वस्तूचं नाव असल्यासारखा वापरत होते. गृहस्थांच्या मनात एका नातलगाची जुनी, पेट्रोल पिणारी, सुस्त गाडी होती. बाईंच्या मनात मैत्रिणीची गाडी होती, जी त्यांनी एकदा चालवली आणि ‘हे तर खेळणंच’ असं वाटलं. दोघांच्या डोक्यातल्या गिअरबॉक्सची जातच वेगळी होती, आणि दोघं एकमेकांशी भांडत होते.

म्हणून आधी जाती समजावून सांगाव्या लागल्या. एएमटी म्हणजे मुळात मॅन्युअलच गिअरबॉक्स. तोच क्लच, तेच गिअर, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला माणसाऐवजी मोटर किंवा हायड्रॉलिक यंत्रणा. स्वस्त, हलकी, ॲव्हरेज मॅन्युअलच्या आसपास. गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटते आणि डोकं किंचित पुढे जातं. टॉर्क कन्व्हर्टर हा जुना, मुरलेला प्रकार. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये घासणारी प्लेट नाही. तेलाच्या प्रवाहातून एका पंख्याचं बळ दुसऱ्या पंख्याला मिळतं. सीव्हीटीमध्ये ठरावीक गिअरच नसतात. दोन पुल्यांवरून पोलादी पट्टा फिरतो, पुल्यांची रुंदी कमीजास्त होते आणि प्रमाण सलग बदलत राहतं. डीसीटीमध्ये दोन क्लच असतात, एक विषम गिअरसाठी आणि एक समसाठी, म्हणून गिअर झटक्यात बदलतो. 2003 मध्ये फोक्सवॅगननं ती नेहमीच्या वापराच्या गाड्यांत आणली. पण तिच्या कोरड्या, म्हणजे तेलात न बुडवलेल्या, क्लचच्या प्रकाराला रांगत्या वाहतुकीत तापण्याची खोड आहे, आणि बाईंचा रस्ता तर नुसता रांगण्याचाच. ती यादीतून गेली.

गृहस्थांचे आक्षेप मी वहीत उतरवून घेतले होते. ॲव्हरेज पडतं. ओव्हरटेक करताना गाडी विचार करत बसते. बिघडली तर खर्च मोठा. बॅटरी उतरली तर धक्का मारून सुरू होत नाही. आणि पाचवा त्यांनी हळू आवाजात सांगितला, ‘मग चालवण्यात माझं काय राहिलं?’

पहिला आक्षेप खोटा नाही, जुना आहे. ओल्ड्समोबिलच्या 1940 च्या गाड्यांबरोबर हायड्रामॅटिक हा पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मोठ्या प्रमाणावर बाजारात आला, तेव्हापासून पुढची कित्येक दशकं तीन-चार गिअर आणि तेलात वाया जाणारी ताकद हेच ऑटोमॅटिकचं रूप होतं. नंतर वेग स्थिरावला की इंजिन आणि गिअरबॉक्स सरळ जोडून टाकणारा लॉकअप क्लच आला. गिअर सहा झाले, 2009 मध्ये झेडएफचा आठ गिअरचा आला, आणि फरक खूपच घटला. धक्क्याचा आक्षेप मात्र शंभर टक्के खरा. बहुतेक ऑटोमॅटिकमध्ये गिअर पकडायला लागणारा तेलाचा दाब इंजिन फिरलं तरच तयार होतो, त्यामुळे बंद गाडी ढकलून काही उपयोग नाही. दुरुस्तीच्या खर्चाबद्दलही मी त्यांच्याच बाजूचा होतो. सीव्हीटी उघडून दुरुस्त करणारा मेकॅनिक सहसा मिळत नाही, बहुतेक वेळा अख्खा गिअरबॉक्सच बदलायला सांगतात. पाचव्या आक्षेपाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी स्वतः मॅन्युअल चालवतो आणि त्याच कारणासाठी चालवतो.

काय केलं

माझा सल्ला होता एएमटी. क्लचचं पेडल गेलं, ॲव्हरेज राहिलं, किंमतही फार वाढली नाही. गृहस्थांना पटलं, कारण आत गिअरबॉक्स ‘आपलाच’ होता. सकाळी अकराला आम्ही तिघं टेस्ट ड्राइव्हला गेलो. शोरूमच्या माणसानं ठरवून दिलेला रस्ता सरळ, सपाट आणि रिकामा. आधी गृहस्थांनी चालवली, मग मी, शेवटी पाच मिनिटं बाईंनी. त्याच दिवशी बुकिंगची रक्कम भरली.

घरी परतताना बाईंनी एकच विचारलं. ‘आपल्या तळघरातून ही वर येईल ना?’

पार्किंग तळघरात होतं. वर येणारा चढ तीव्र, आणि तोंडाशी रस्त्यावरच्या वाहनांसाठी थांबावंच लागतं. म्हणजे गाडी चढावर उभी, आणि तिथून सुटायचं. बुकिंग झालेलं असल्यामुळे शोरूमनं दोन दिवसांनी गाडी घरी आणून दाखवली. या वेळी चौघं मोठी माणसं आत बसलो आणि बाई पहिल्यापासून चालकाच्या जागेवर होत्या. चढावर थांबल्या. ब्रेक सोडून ऍक्सिलरेटरवर पाय नेईपर्यंत गाडी वीतभर मागे आली. त्या मॉडेलच्या खालच्या प्रकारात चढावर ब्रेक धरून ठेवणारी सोय नव्हती. दुसऱ्यांदा त्यांनी हँडब्रेक लावून सोडली. गाडी सुटली, पण थरथरत. तिसऱ्यांदा केलं तेव्हा ओळखीचा जळका वास आला. बाईंनी खिडकी खाली केली, एवढंच.

मी जे स्वतः समजावून सांगितलं होतं तेच मला दिसलं नव्हतं. एएमटीत क्लच तोच असतो. पेडल गेलं म्हणजे घासणं गेलं असं नाही. आता यंत्र हाफ क्लच करणार, एवढाच बदल. गुडघ्याचा प्रश्न सुटला असता आणि क्लचचा तसाच राहिला असता. बुकिंग रद्द केलं. थोडी रक्कम कापली गेली आणि गृहस्थांनी ती माझ्या नावावर मांडली. गंमतीनं, असं ते म्हणतात.

मग उरले टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी. घाटात आणि महामार्गावर मला स्वतःला पहिला आवडतो. गृहस्थांनाही तो आवडला. पायाखाली ठोस ओढ, गिअर बदलल्याचं जाणवतं. पण त्यांना परवडणाऱ्या गाड्यांत तो ज्या मॉडेलमध्ये मिळत होता ते लांबी-रुंदीनं मोठं होतं, आणि तळघरातल्या त्यांच्या जागेशेजारी एक खांब आहे. टेप घेऊन मोजलं. गाडी आत गेली असती, दार उघडून माणूस बाहेर आला नसता. बाईंनी सुचवलं म्हणून मोजलं, हे नोंदवायला हवं. आम्ही दोघं तेव्हा ओढीबद्दल बोलत होतो.

सीव्हीटीची टेस्ट ड्राइव्ह आमच्या अटींवर झाली. सकाळी साडेआठला, बाईंच्या रोजच्या रस्त्यावर, पूर्ण 14 किलोमीटर. उतरल्यावर त्यांनी डावा पाय झटकला नाही. रोज झटकतात, हे मला त्या मोजणीच्या दिवशी दिसलं होतं. दुपारी गृहस्थांनी तीच गाडी महामार्गावर नेली. ओव्हरटेकसाठी ऍक्सिलरेटर खाली दाबला की इंजिन एकदम आरडाओरडा करायचं आणि वेग मागाहून, सावकाश चढायचा. ‘रबर ताणल्यासारखं वाटतं,’ ते म्हणाले. या गिअरबॉक्सची ही तक्रार जगभर केली जाते. पाय अर्धाच आणि थोडा आधी दाबला तर ओरड कमी होते, हे त्यांना दहा किलोमीटरमध्ये जमलं. आवडलं नाही, पण जमलं.

त्या रात्री घरात जे झालं त्याला मी साक्षीदार नाही. दुसऱ्या दिवशी फोन आला, सीव्हीटी घेतोय. सनरूफ आणि मोठी चाकं सोडून दिली, त्या फरकात गिअरबॉक्सचा खर्च बसला.

एक निर्णय अजून बाकी होता. मुलगी कशावर शिकणार? गृहस्थांचं म्हणणं, आधी मॅन्युअल. एकदा ती आली की माणूस काहीही चालवतो, उलटं होत नाही. ब्रिटनसारख्या काही देशांत हा नुसता हट्ट नाही, कायदाच तसा आहे. तिथे ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर परवानाही तेवढ्यापुरताच मिळतो. बाईंचं मत, आधी रस्ता वाचायला शिकू दे, पायांचं नंतर बघू. शेवटी जुनी गाडी लगेच न विकता, नवी क्लच प्लेट घालून सहा महिने ठेवायचं ठरलं. जुनी गाडी तेवढे दिवस रस्त्याच्या कडेला उभी राहिली. मुलगी त्याच गाडीवर शिकली. चौदा वेळा गाडी बंद पाडून, तिच्याच हिशोबानं.

निष्पत्ती

नवी गाडी येऊन चौदा महिने झाले. गृहस्थ एक टाकी भरल्यापासून पुढची भरेपर्यंतचा हिशोब ठेवतात, त्यामुळे आकडे अंदाजाचे नाहीत. शहरात ॲव्हरेज जुन्या गाडीपेक्षा थोडं चांगलंच आहे. पण जुनी अकरा वर्षांची होती, तेव्हा ही तुलना प्रामाणिक नाही आणि हे त्यांनीच मला बजावलं. महामार्गावर त्यांच्या अपेक्षेपेक्षा कमी. 110 च्या पुढे गेलं की आणखी पडतं.

बाईंचा गुडघा बरा झालेला नाही. तो गाडीमुळे बिघडला होता असंही डॉक्टर म्हणाले नव्हते. फक्त घरी आल्यावर अर्धा तास पाय वर करून बसायची सवय गेली. दुसरा बदल कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. त्या आता सुट्टीच्या दिवशीही चालवतात. महामार्गावर आळीपाळीनं चालवणं या घरात पहिल्यांदा सुरू झालं.

सगळ्यात जास्त त्रास सगळ्यात कसलेल्या चालकाला झाला. पहिल्या पंधरवड्यात गृहस्थांनी तीनदा सिग्नलजवळ येताना डाव्या पायानं क्लच समजून ब्रेक दाबला. क्लचची सवय असलेला पाय पेडल तळापर्यंत दाबतो. गाडी जागच्या जागी थांबली, मागच्यानं हॉर्नवर हात ठेवला. मी त्यांना डावा पाय सीटखाली मागे ओढून बसायला सांगितलं, आणि सवय मोडली. पार्किंगमध्ये मागे-पुढे करताना लिव्हर ‘आर’ (मागे) समजून ‘डी’त (पुढे) टाकून त्यांनी बंपर भिंतीला टेकवला. ओरखडा अजून आहे. मॅन्युअलमध्ये क्लच दाबलेला असतो म्हणून चुकीच्या गिअरला क्षमा असते. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक सोडला की गाडी आपणहून सरकते.

चढावर गाडी लावताना ते लिव्हर नुसता ‘पी’त (पार्कमध्ये) टाकून ब्रेक सोडायचे. मग सगळा भार गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खिट्टीवर यायचा आणि निघताना लिव्हर खट्ट आवाज करून सुटायचा. आधी पायाचा ब्रेक दाबून ठेवून हँडब्रेक लावायचा, मग ‘पी’. ही सवय लागायला महिना गेला. घाट उतरताना सुरुवातीला ‘डी’तच उतरायचे आणि ब्रेक तापून पेडल मऊ पडल्यासारखं वाटलं म्हणून घाबरून फोन केला. लिव्हरवर ‘एल’ कशासाठी असतं ते तेव्हा सांगितलं. त्यात इंजिन गाडीला धरून ठेवतं. इतकी वर्षं दुसऱ्या गिअरनं घाट उतरणाऱ्या माणसाला हे आपण होऊन सुचेल, असं मी गृहीत धरलं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली टेस्ट ड्राइव्ह ही सरळसरळ चूक. रिकाम्या सपाट रस्त्यावर कुठलाही गिअरबॉक्स शहाण्यासारखा वागतो. ज्या जागी जुनी गाडी त्रास देत होती तिथेच नवी आधी न्यायला हवी होती, आणि जिला त्रास होत होता तिनं पहिल्यांदा चालवायला हवी होती. बुकिंग करण्याआधी हे केलं असतं तर रक्कम वाचली असती.

एएमटीच्या बाबतीत मी दोन्ही बाजूंनी चुकलो असं आता वाटतं. आधी डोळे झाकून सुचवली, मग एका मॉडेलवरून पूर्ण बाद केली. चढावर धरून ठेवणारी सोय असलेल्या वरच्या प्रकारात ती गाडी मागे आली नसती. कमी गर्दीच्या रस्त्यावर रोज जाणाऱ्या घरासाठी मी आजही तिचंच नाव घेईन.

गिअरबॉक्सच्या तेलाबद्दल आम्ही काहीच विचारलं नाही. पहिल्या सर्व्हिसिंगला उत्तर मिळालं, ‘आयुष्यभर बदलावं लागत नाही.’ कुणाच्या आयुष्यभर, हे विचारल्यावर पलीकडून उत्तर आलं नाही. गाडीच्या पुस्तिकेत कठीण वापरासाठी वेगळी मुदत दिली होती, आणि रोज तासभर रांगणं हा कठीण वापरच. सीव्हीटीला तिचंच ठरलेलं तेल लागतं, दुसरं घातलं तर पट्टा घसरू शकतो. हे सगळं गाडी घेण्याआधी लेखी विचारायला हवं होतं.

जुनी गाडी सहा महिने ठेवण्याबद्दल घरात अजून एकमत नाही. बाईंच्या मते तीन पुरले असते. गृहस्थांनी ती विकायला नेली तेव्हा आधी एकट्यानं घाटात एक फेरी मारून आणली. तिचा खर्च त्यांनी हिशोबात धरलेला नाही.

शेवटचं बॅटरीचं. नवव्या महिन्यात दिवा रात्रभर चालू राहून बॅटरी उतरली. धक्का चालत नाही हे माहीत होतं. पण वीज नसेल तर लिव्हर ‘पी’मधून हलतच नाही, म्हणजे गाडी खांबाशेजारून ढकलून बाहेरही काढता येत नाही, हे त्या सकाळी कळलं. लिव्हरच्या बाजूला एक छोटं झाकण असतं, ते काढून आतली कळ दाबली की लिव्हर सुटतो. पुस्तिकेत चित्रासकट दिलेलं होतं. झाकण मुलीनं शोधून काढलं. ओढून नेणाऱ्या माणसाला बोलावताना पुढची चाकं उचलणारंच वाहन पाठव असं सांगायचं, हेही त्याच पानावर होतं. पुढची चाकं जमिनीवर ठेवून ही गाडी लांब ओढली तर गिअरबॉक्सला तेल पोचत नाही. त्या पानाचा फोटो आता तिघांच्याही मोबाइलमध्ये आहे.